घरातले पाच फोन आणि त्यांचे अपडेट : ऑगस्ट ते नोव्हेंबर २०२५ च्या नोंदी

३ ऑगस्ट, रविवार

आज घरातले सगळे फोन एका पाटावर मांडले. माझा, आईचा, बाबांचा, धाकट्या भावाचा ड्रॉवरमध्ये पडलेला जुना पोको एफ१ आणि सोलापूरजवळच्या कुंभारीहून आलेल्या अत्ताचा (आत्याला आम्ही तेलुगूत अत्ता म्हणतो). प्रत्येकाच्या सेटिंगमध्ये जाऊन तीनच गोष्टी वहीत उतरवल्या : अँड्रॉइड कितवं, सिक्युरिटी पॅच (सुरक्षेतली भोकं बुजवणारं अपडेट) कुठल्या महिन्याचा, जागा किती शिल्लक.

माझा फोन ठीक आहे. आईच्या फोनवर अँड्रॉइड १३ आहे, पण पॅच मागच्या वर्षीच्या ऑक्टोबरचा. अपडेट आलेलं होतं, ती रोज "नंतर" दाबत होती. बाबांच्या फोनवरही तेच, शिवाय जागा ९०० एमबी. अत्ताच्या फोनवर अँड्रॉइड ६, रॅम २ जीबी.

हे सगळं काढलं ते अत्तासाठी. तिनं उभं आयुष्य विड्या वळल्या. मांडीवर सूप, तेंदूचं पान, तंबाखू, दोरा. बोटांच्या टोकांवरच्या रेषा आता राहिलेल्या नाहीत. पीएफची पेन्शन चालू राहायला दर वर्षी हयातीचा दाखला लागतो आणि अंगठ्याच्या मशीनवर तिचा अंगठा लागत नाही. मागच्या वर्षी तीन हेलपाटे झाले, दहाही बोटं लावून पाहिली. जीवन प्रमाण या हयातीच्या दाखल्याच्या सरकारी ऑनलाइन सोयीत चेहऱ्यावरून पडताळणीची सोय २०२१ पासून आहे, पण तिच्या फोनवर ते ॲप उतरतच नाही. तिचा दाखला नोव्हेंबरात संपतो. तोवर तिच्या हातात चालणारा फोन द्यायचा.

वेळ : दोन तास. खर्च : काही नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

नारळी पौर्णिमा. मार्कंडेय महर्षींच्या रथाची मिरवणूक, त्यामुळे सोलापूरच्या पूर्व भागातले सगळे नातेवाईक घरी. जेवणं झाल्यावर एकेकाला विचारलं, अपडेट आल्यावर फोनमध्ये काय नवीन हवं?

आई : "हाय ते हाय तिथंच राहू दे. बाकी काय नको बघ."

बाबा : फोनवरचं बोलणं रेकॉर्ड व्हायला हवं. सुताचा भाव, किती गाठी, कधी पाठवणार, हे व्यापारी फोनवर सांगतात आणि नंतर फिरतात.

अत्ता : अक्षरं मोठी हवीत, मराठीत हवीत. ती घरात तेलुगू बोलते, पण शाळा चौथीपर्यंत मराठीत झाली, त्यामुळे वाचते मराठी. तेलुगू अक्षर तिला येत नाही.

भाऊ : बॅटरी.

सिक्युरिटी पॅच कोणीच मागितला नाही. मला तो सगळ्यांत आधी हवा होता, कारण भोकं बुजवली नसली तर फोनमधून पैसे जाऊ शकतात. पण घरच्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पॅच बसला तरी डोळ्यांना काही दिसत नाही. जागा बदललेलं बटण मात्र लगेच दिसतं.

१३ ऑगस्ट, बुधवार

पोको एफ१ चार्जिंगला लावला तर मागचं कव्हर कडेनं उचललेलं. बॅटरी फुगली होती. तसाच लावून ठेवायचा नाही, लगेच काढला. नवी पेठेत बॅटरी बदलून घेतली : ११०० रुपये, मजुरीसकट. पाऊण तास.

हा फोन ऑगस्ट २०१८ मधला. आतला स्नॅपड्रॅगन ८४५ आजही चांगला पळतो, या फोनला ६ जीबी रॅम आहे. कंपनीकडून शेवटचं मिळालं ते अँड्रॉइड १०. माझ्या मनानं तिथंच ठरवलं की १० म्हणजे जुनं, यावर लिनिएजओएस (कंपनीबाहेरच्या लोकांनी बनवलेली अँड्रॉइडची आवृत्ती) टाकायचं. २२.२ म्हणजे अँड्रॉइड १५ त्यावर बसतं.

ज्यांना हेच काम करायचंय त्यांनी इथं थांबा. मी या दिवशी दहा मिनिटांचं एक काम केलं नाही : आहे त्याच अँड्रॉइड १० वर चेहरा पडताळणीचं ॲप उतरवून बघितलं नाही. पुढचे सगळे महिने त्यात गेले.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी. बूटलोडर, म्हणजे दुसरी सिस्टीम टाकू न देणारं फोनचं कुलूप, अनलॉक करायला घेतला. त्याची वाट अशी : डेव्हलपर ऑप्शनमध्ये जायचं, तिथं अनलॉकच्या पानावर आपलं शाओमीचं (पोकोच्या कंपनीचं) खातं फोनला जोडायचं, मग विंडोजच्या कॉम्प्युटरवर अनलॉकचं टूल चालवायचं.

खातं जोडताना चार वेळा चूक दाखवली. वाय-फाय बंद करून सिमचा डेटा चालू केल्यावर पाचव्यांदा जुळलं. सिम फोनमध्येच हवं.

मग टूल लावलं तर फोन कॉम्प्युटरला दिसेना. ड्रायव्हर दोनदा टाकले. शेवटी कळलं की केबल फक्त चार्जिंगची होती, आत डेटाच्या तारा नव्हत्या. नवी केबल १५० रुपये. दीड तास वाया.

टूलनं सांगितलं, १६८ तासांनी या. सात दिवस. ही अट मला पटते, चोरलेला फोन लगेच पुसून विकता येऊ नये म्हणून ती आहे. एक जपायचं : या सात दिवसांत खातं जोडण्याचं बटण पुन्हा दाबू नका, तास पहिल्यापासून मोजले जातात.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

१६८ तास संपले, पण आज त्या फोनला हात लागला नाही.

सकाळी कामावर असताना आईचा शेजारच्या फोनवरून फोन. आवाज घाबरलेला. "माझा फोन कुणीतरी हॅक केलाय. फोन येतोय, पण उचलायचा कुठनं तेच दिसेना." घरी येऊन बघितलं. कॉल घेण्याचा पडदाच बदललेला. आधी वर सरकवायचं होतं, आता आडवं. आवडत्या नंबरांचा वेगळा कप्पा गेलेला, ते झालेल्या कॉलच्या वर एका ओळीत आलेले. आईला माझा नंबर त्या कप्प्यातूनच लावायची सवय.

आईनं कुठलंही अपडेट दाबलं नव्हतं. हे फोनच्या सिस्टीमचं अपडेट नव्हतंच. फोन लावण्याचं ॲप प्ले स्टोअरमधून रात्री आपोआप नवीन झालं होतं. मी काम करते त्या युनिटवरही त्या दिवशी तीन-चार जण हेच विचारत होते.

काय केलं ते लिहिते, कारण हे बऱ्याच जणांना लागेल. आयकॉनवर बोट दाबून धरायचं, ॲपच्या माहितीत जायचं, वरच्या तीन ठिपक्यांमधून अपडेट काढून टाकायचं. जुना चेहरा परत येतो. मग प्ले स्टोअरमध्ये त्याच ॲपच्या पानावर आपोआप अपडेटची खूण काढायची. ज्यांना नवीनच ठेवायचंय त्यांना त्याच ॲपच्या सेटिंगमध्ये कॉल कसा उचलायचा ते निवडता येतं, सरकवून किंवा एका टिचकीनं.

मी आधी जुनं परत आणलं. रात्री विचार बदलला. फोन लावण्याचं ॲप कायम जुनं ठेवणंही बरोबर नाही. म्हणून पुन्हा नवीन केलं, टिचकीचा पर्याय लावला आणि माझ्या फोनवरून आईला सलग पंधरा वेळा फोन केला. दहाव्यांदा तिनं न बघता उचलला. माझा आणि बाबांचा नंबर सरळ मुख्य पडद्यावर ठेवले, म्हणजे ॲप कितीही बदललं तरी ते हलणार नाहीत.

वेळ : अर्धा दिवस, तोही कामावरून रजा काढून.

२४ ऑगस्ट, रविवार

युनिटवरच्या जुन्या डेस्कटॉपवर बसले, मालकांची परवानगी घेऊन. अनलॉक पहिल्या फटक्यात झाला. फोन पूर्ण पुसला जातो, हे आधीच माहीत होतं. भावाचे फोटो शनिवारी रात्रीच काढून ठेवले होते.

मग फास्टबूटमधून (फोन कॉम्प्युटरला जोडून सिस्टीम टाकायचा पडदा) लिनिएजची रिकव्हरी, म्हणजे सिस्टीम बसवायचा छोटा प्रोग्रॅम, टाकली, तिथून डेटा फॉरमॅट आणि साइडलोडनं, म्हणजे केबलवरून, सिस्टीमची झिप पाठवली. ४७ टक्क्यांवर थांबलं. मी घाबरून केबल काढणार होते, तेवढ्यात फोनच्या पडद्यावर पूर्ण झाल्याचं आलं. कॉम्प्युटर ४७ च दाखवत राहतो. फोनचा पडदा खरा धरायचा.

आणि मग आनंदाच्या भरात फोन चालू केला. चूक. गूगलची ॲपं वेगळ्या झिपमध्ये असतात आणि ती पहिल्यांदा चालू करण्याआधीच टाकावी लागतात. प्ले स्टोअर नाही, काही नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत पुन्हा पहिल्यापासून. फॉरमॅट, सिस्टीम, मग फोन पुन्हा रिकव्हरीतच चालू केला आणि माइंडदगॅप्स (गूगलच्या ॲपांची झिप) टाकलं. सही जुळत नाही, तरी टाकू का, असं विचारतं, हो म्हणायचं. यावेळी जमलं. पाऊण तास.

३१ ऑगस्ट, रविवार

गणपतीत चार दिवस फोन मीच वापरला. जे चांगलं आहे ते मोकळेपणानं लिहिते. अक्षरं दुपटीपर्यंत मोठी होतात, ही सोय अँड्रॉइड १४ पासूनची. मोठी केल्यावर शीर्षकं तेवढीच अवाढव्य होत नाहीत, त्यामुळे पडदा फुटत नाही. प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवता येते, ही १३ पासूनची. मी व्हॉट्सॲप मराठीत ठेवलं आणि कीबोर्डच्या माइकला तेलुगू लावलं. अत्ता तेलुगूत बोलली, तेलुगू अक्षरं उमटली, तिला ती वाचता आली नाहीत. ती म्हणाली, "मी बोलले तेच लिहिलंय का ते तू सांग." मग माइकही मराठी केला. ती माझ्याशी मराठीत बोलायला लागली, हळूहळू, शाळेतल्यासारखं.

बिघडलं ते एकच, चेहरा दाखवून फोन उघडणं गेलं. या फोनला त्यासाठी वेगळा इन्फ्रारेड कॅमेरा आहे, पण लिनिएजमध्ये ती सोय नाही. अत्ताचं बोट सेन्सरवर लागत नाही. चार आकडी पिन ठेवला.

७ सप्टेंबर, रविवार

अक्कलकोट रोडनं कुंभारीला, अत्ताच्या विडी घरकुलात (विडी कामगारांची वसाहत). आधार फेस आरडी (आधारवरून चेहरा पडताळणारं ॲप) उतरवलं, जीवन प्रमाणचं ॲप उतरवलं. ओटीपी आला. चेहरा दाखवायच्या पायरीला फोन सुरक्षेच्या तपासणीत बसत नाही असा संदेश आला आणि काम तिथंच थांबलं. तीन वेळा केलं. फोन बंद-चालू करून केलं.

कारण मला समजायला हवं होतं. आधारचं किंवा बँकेचं ॲप आधी विचारतं, हा फोन कंपनीनं दिला तसाच आहे का, कुलूप शाबूत आहे का. मी ते कुलूप स्वतः उघडलं होतं. ॲपच्या बाजूनं हे योग्यच आहे. ज्या फोनची सिस्टीम कुणीही बदलू शकतं त्यावर दाखवलेला चेहरा खरा कशावरून धरायचा? अँड्रॉइड १५ आणि चालू महिन्याचा पॅच असूनही तो फोन तिच्या कामाचा नव्हता. ही तपासणी चुकवण्याच्या युक्त्या सांगणारे लोक आहेत. पेन्शनच्या कागदावर मी तसलं काही करणार नाही.

अत्तानं चहा केला. "होईल गं," म्हणाली. पेन्शन तिची, आणि धीर ती मला देत होती. परत येताना फार वाईट वाटलं.

१४ सप्टेंबर, रविवार

मन वळवायला बाबांचा फोन घेतला. ९०० एमबी जागेत अपडेट उतरतच नव्हतं. व्हॉट्सॲपच्या स्टोरेजमध्ये जाऊन सुप्रभातचे व्हिडिओ काढले, ११ जीबी मोकळे झाले. सुताच्या पावत्यांचे फोटो आधी कॉम्प्युटरवर घेतले.

अपडेट बसलं चाळीस मिनिटांत. पण पुढचे दोन दिवस फोन तापतो आणि बॅटरी लवकर उतरते. आत ॲपं पुन्हा जुळवली जात असतात. लगेच दुकानात नेऊ नका.

बाबांचं रेकॉर्डिंग मात्र गेलं. त्यांच्याकडे बाहेरचं एक ॲप होतं, त्यात आता समोरच्याचा आवाज येत नाही, नुसती शांतता. त्या ॲपांची वाट प्ले स्टोअरनं मे २०२२ मध्ये बंद केली होती. बाबांच्या फोनवर जुनी आवृत्ती कशीबशी चालत होती. फोनमधल्याच ॲपनं रेकॉर्ड होतं, पण ते समोरच्यालाही मोठ्यानं सांगतं. पहिल्याच व्यापाऱ्यानं विचारलं, "काय हो, रेकॉर्ड कशाला?" बाबा ओशाळले. माझं मत, दुसऱ्याला सांगून रेकॉर्ड करणंच बरोबर. पण त्यांच्या अडचणीवर ते उत्तर नाही, हेही खरं. त्यांनी लाल वही पुन्हा काढली. भाव ठरला की फोन ठेवल्यावर तोच मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि व्यापाऱ्याचं "हो" मागून घेतात. हे मला आधी सुचलं नव्हतं, त्यांचं त्यांनी शोधलं.

२१ सप्टेंबर, रविवार

पोकोवर कंपनीची मूळ सिस्टीम परत टाकायची ठरवली आणि शेवटी कुलूप लावायचं. फास्टबूटची फाइल तीन जीबीच्या आसपास आहे. दोनदा उघडावी लागते. डेस्कटॉपवरच्या लांबलचक फोल्डरमध्ये ठेवली तर फ्लॅशचं (फोनमध्ये सिस्टीम टाकण्याचं) टूल चूक दाखवतं. सी ड्राइव्हवर लहान नावाच्या, मोकळी जागा नसलेल्या फोल्डरमध्ये ठेवा.

घाई म्हणून युनिटऐवजी भावाच्या नव्या लॅपटॉपवर केलं. अर्ध्यात तुटलं. पुन्हा लावलं, पुन्हा तुटलं. आता फोनमध्ये ना जुनं ना नवं, फक्त फास्टबूटचा पडदा. वाचून कळलं की फास्टबूट काही लॅपटॉपच्या यूएसबी ३ पोर्टवर अडखळतं, मध्ये यूएसबी २ चा हब लावायचा. ऑनलाइन मागवला.

कुलूप अजून उघडं होतं म्हणून फोन वाचला. कुलूप लागल्यावर असं अर्धवट राहिलं असतं तर माझ्या हातानं तो परत उघडला नसता.

२४ सप्टेंबर, बुधवार

पावसानं आणि सीनेच्या पुरानं सगळं ठप्प. पुण्याचा महामार्ग बंद, पार्सल पुण्यातच. माढा, मोहोळकडची बातमी बघून फोनबद्दल कुरकुर करायची लाज वाटली. युनिटवर येणारी सीनाकाठची दोन माणसं आजही आली नाहीत. फोन तसाच ठेवला.

२८ सप्टेंबर, रविवार

पार्सलची वाट न बघता नवी पेठेत विचारलं, हब तिथंच मिळाला. २५० रुपये. आठवडाभर आधीच जायला हवं होतं.

फ्लॅशच्या टूलमध्ये खाली तीन पर्याय असतात आणि सुरुवातीला "सगळं पुसून कुलूप लाव" हाच निवडलेला असतो. तो बदलून आधी नुसतं "सगळं पुस" घेतलं. सात मिनिटांत झालं. फोन चालू करून सिम, कॅमेरा, वाय-फाय बघितलं. मध्येच पाणी आलं, आमच्याकडे चार दिवसांनी येतं, त्यामुळे दीड तास सगळे भांडी भरण्यात. लॅपटॉप उघडा तसाच.

५ ऑक्टोबर, रविवार

आठवडाभर फोन नीट चालला, मग त्याच फाइलनं पुन्हा, यावेळी कुलपासकट. फाइल आपल्याच फोनच्या आणि आपल्याच प्रदेशाची आहे ना हे दोनदा वाचा. दुसऱ्या प्रदेशाची टाकून कुलूप लावलं की फोन उघडत नाही.

अँड्रॉइड १०. दोन महिन्यांपूर्वी ड्रॉवरमधून काढला तेव्हा होता तसाच.

आता याला कंपनीचा नवा पॅच येणार नाही, म्हणून ठरवलेल्या गोष्टी : या फोनवर बँकेचं किंवा पैसे पाठवण्याचं कुठलंही ॲप नाही. बाहेरून आलेली ॲपची फाइल बसवायची परवानगी सगळीकडे बंद. क्रोम, व्हॉट्सॲप आणि बाकीचं प्ले स्टोअरमधून आपोआप नवीन होत राहील, ते चालू. चोरानं हिसकावला तर लॉक होण्याची सोय अँड्रॉइड १० ला मिळते, ती लावली. बँकेचे मेसेज अत्ताच्या दुसऱ्या सिमवर येतात, ते सिम जुन्या बटणांच्या फोनमध्ये घातलं. तो मी तिला ९०० रुपयांना वेगळा घेऊन दिला.

अक्षरं इथं तेवढी मोठी होत नाहीत. व्हॉट्सॲपला वेगळी भाषा देता येते ती त्याच्या स्वतःच्या सेटिंगमधून, ती दिली.

१ नोव्हेंबर, शनिवार

कुंभारी. सकाळी दहा वाजता, दारासमोरच्या उजेडात. आत पत्र्याखाली अंधार होता, तिथं चेहरा ओळखला जात नाही.

आधी ऑपरेटर म्हणून माझा आधार आणि माझा चेहरा. हे एकदाच. मग अत्ताचा आधार नंबर, मोबाइलवर ओटीपी, पेन्शनचा पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशाचा क्रमांक). तो पासबुकातून आधीच कागदावर लिहून न्या. ओटीपीची वेळ तो शोधण्यात संपते, आमची एकदा संपली. मग तिचा चेहरा. डोळे मिटून उघडायला सांगतं. ती डोळे मिटून तशीच थांबली, देवासमोर थांबतात तशी. "अत्ता, उघड," म्हटल्यावर उघडले आणि गोल हिरवा झाला.

दाखल्याचा नंबर मेसेजनं आला. अकरा मिनिटं लागली.

शेजारच्या दोघी विड्यांची सुपं बाजूला ठेवून बघत होत्या. दोघींचे अंगठे लागत नाहीत. त्याच फोनवर त्यांचेही केले, एकीचं दुसऱ्या प्रयत्नात झालं. पुढच्या रविवारी आणखी सहा जणींची नावं लिहून घेतलीत. पीपीओ नंबर आणि आधारला जोडलेला मोबाइल घेऊन सकाळी दहाला, उजेड असताना.